मोरीत पडलेल्या बायका

लग्नकार्यात मला कुणी ना कुणी गाठतंच. "सिस्टर, एकतीस वर्षं दवाखान्यात काढलीत, सांगा की एखादा किस्सा!" मग मी कवळी गिळलेल्या आजोबांचा सांगते, नाहीतर भूल उतरताना सर्जनला 'ए बंड्या' म्हणणाऱ्या साहेबांचा. लोक हसतात, आणखी एक जिलेबी घेतात आणि माझी सुटका होते.

खरे किस्से आमच्या नऊ नंबरच्या खोलीतले. ही बायकांची ओपीडी. एक पडदा, एक टेबल, दोन स्टुलं, आणि भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं पोस्टर. तिथले किस्से न्हाणीच्या जाळीत केस साठावेत तसे साठत जातात. हात घालून काढायची कुणाची तयारी नसते, आणि नाही काढले तर पाणी तुंबतं.

आमची टोळी तशी छोटी. डॉक्टर मॅडम, साफसफाईला छावणीतून येणारी अन्वरी मावशी, आणि मी. वैष्णवी सिस्टर फार नंतर आली. आणि एक संगीता. ती स्टाफमधली नव्हे, पेशंट. तिचा किस्सा मी आजवर कुठल्याच मांडवात सांगितला नाही. आज सांगणार आहे, पण तिच्यापर्यंत जाताना वाटेत दोन-चार लागतील, तेवढे ऐकून घ्या.

* * *

आमच्याकडं अंगावर वळ घेऊन आलेली बाई एकच कारण सांगते. "मोरीत पडले." डोळा सुजलाय, मोरीत पडले. हात मोडलाय, मोरीत पडले. पोटातलं गेलं, मोरीत पडले. आम्ही पण केसपेपरवर तेच लिहितो आणि पुढचीला हाक मारतो.

मॅडम नव्यानं आल्या तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, "सिस्टर, इथं नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं म्हणता. मग मोऱ्या एवढ्या ओल्या कशा?"

अन्वरी मावशी फरशी पुसत होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही. "मॅडम, हियाँ की मोरी को पाँच उंगलियाँ रहतीं!"

त्याच दिवशी एक कोवळी पोरगी आली. तिसरा महिना, रक्त जात होतं, मांडीवर बुटाच्या टाचेएवढा काळानिळा डाग. "काय झालं?" "मोरीत पडले." मॅडम आता शहाण्या झालेल्या. त्यांनी पेन खाली ठेवून शांतपणे विचारलं, "मोरी कुठं आहे तुमच्या घरात?"

पोरगी गोंधळली. माझ्याकडं बघून म्हणाली, "आमच्याकडं मोरी नाय ओ सिस्टर. आमी भाईरच जातो. रांगेत म्होरची बाई तसं म्हनली, तुमी लिहून घेतलं, काय इचारलं नाय. मला वाटलं, इथं असंच सांगायचं असतंय."

आम्ही हसलो. खरंच हसलो हो, तिघी! आणि मग तिचं बाळ राहिलं नाही.

* * *

हा माझा स्वतःचा. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडं एक ठरलेलं वाक्य होतं. मार खाऊन आलेल्या पोटुशीला मी म्हणायचे, "सांभाळून घे गं. मूल झालं की माणूस निवळतो." मला ते माझ्या आईनं सांगितलं होतं, तिला तिच्या आईनं. मी पण ते लोहाच्या गोळ्यांसारखं वाटत सुटले होते.

एकीला पहिल्या खेपेला दिलं, तेव्हा तिचा पुढचा दात नुकताच पडला होता. दुसऱ्या खेपेला पण दिलं. तिसरं दिवस भरायच्या आत गेलं, कमरेत लाथ बसली होती. चौथ्या वेळेस ती आली ती एक कडेवर, एक पदराला आणि एक पोटात घेऊन. स्टुलावर बसली. जेवणाआधी घ्यायची का जेवणानंतर, असं गोळीचं विचारावं त्या सुरात म्हणाली, "सिस्टर, तुमी म्हनला होता मूल झालं की निवळतो. तर किती झाल्यावर निवळतो?"

टोमणा मारत नव्हती ती, हेच तर वाईट! तिला आकडा हवा होता.

त्या दिवसापासून ते वाक्य मी तोंडातून काढलेलं नाही. पण आधी किती जणींना दिलं, ते मला कसं आठवणार?

* * *

काही नवरे सोबत येतात. ते फार प्रेमळ! मॅडम बाईला विचारतात, "पाळी कधी आली होती?" नवरा सांगतो, "बारा तारखेला." "पोटात दुखतं का?" "नाय, दुखत नाय." एकदा मॅडम त्या नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "बरं, तुम्हाला कितवा महिना?"

अशांना बाहेर काढायची युक्ती अन्वरी मावशीची. ती केसपेपर त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "भाऊ, इसपे शिक्का नै है. वो आखरी खिडकी पे जाके शिक्का मारके लाओ." आता असला कुठलाच शिक्का नव्हता. पण शेवटची खिडकी दोन जिने पलीकडं होती आणि तिथं कायम रांग असायची. तेवढ्या वेळात बाई बोलून मोकळी व्हायची. खिडकीवरचा क्लार्क आधी वैतागला. मग त्याला काय उमगलं कोण जाणे, कोणी आलं की काही न विचारता तो 'आवक' असा शिक्का ठोकून द्यायचा. आमच्याकडं ज्या केसपेपरवर 'आवक' असेल, तिथं आतलं लिखाण खरं असायचं.

सगळं बेस चाललं होतं. मग एक जण आला, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मावशीनं नेहमीचं वाक्य टाकलं. तो हसला. "मावशी, मी कचेरीत आवक-जावकच बघतो. पेशंटच्या कागदावर आवक कुठून आली?" आणि बायकोशेजारच्या स्टुलावर ठाण मांडून बसला. तिला आम्ही तीन वेळा तपासलं, तिन्ही वेळा तोच बोलला. ती नुसती हातातल्या रुमालाला गाठी मारत होती.

सहाव्या महिन्यात तिला आणलं तेव्हा पोटातलं हलायचं थांबलेलं होतं. पोटावर वळ होते. मॅडमनी सोनोग्राफीचा पडदा बंद केला. नवऱ्यानं कागद पुढं केला आणि अन्वरी मावशीला विचारलं, "आता लागेल का शिक्का?"



* * *

आता कुणी म्हणेल, ही खेड्यातली, अडाणी मंडळी. थांबा!

लासूर स्टेशनच्या एक बाई यायच्या. कडक साडी, पर्समध्ये चष्म्याचं घर, बोलणं अगदी पुस्तकी. नवरा शाळेत सर, दहावीला विज्ञान शिकवतात. बाईंना जंतुसंसर्ग झाला होता, आणि तो कुठून आला हे मॅडमना विचारायची गरज नव्हती. मॅडमनी दोघांच्या गोळ्या दिल्या. "तुम्ही एकट्यानं घेऊन उपयोग नाही. दोघांचा कोर्स पूर्ण व्हायला हवा."

महिन्यानं बाई पुन्हा तीच तक्रार घेऊन हजर. "सरांनी घेतल्या का गोळ्या?" बाईंनी कानावरचे केस नीट केले. कानामागं जखम होती. "मी पुढं केल्या, तर ते म्हणाले, मला रोगी म्हणतेस?"

"मग त्या गोळ्यांचं काय केलंत?"

"त्यांच्या पण मीच घेतल्या. तुम्ही म्हणाला होतात ना, दोघांचा कोर्स पूर्ण व्हायला हवा!"

असं चार-पाच वेळा झालं. शेवटी बाईंच्या दोन्ही नळ्या बंद झाल्या आणि मूल राहीना. तेव्हा मात्र सर पहिल्यांदा सोबत आले. नमस्कार केला, स्टुलावर बसले, म्हणाले, "मॅडम, दोष हिच्यातच आहे असं रिपोर्टवर स्पष्ट लिहून द्या. वैज्ञानिक भाषेत असलं म्हणजे बरं."

* * *

आता संगीता.

ती फुलंब्रीजवळची. रोज सकाळच्या बसनं शहरात येऊन एका कंपनीत पॅकिंगचं काम करायची. वय चोवीस. दोन मुली, दोन्ही सिझरच्या, आणि त्यानंतर दोनदा पोट खाली झालेलं. दोन्ही वेळेस काय झालं ते मी सांगत नाही, मोरीचं तुम्हाला सांगून झालंय. दुसऱ्या वेळेस तिला चार बाटल्या रक्त लागलं. मॅडमनी तिला पुढ्यात बसवून सांगितलं, "संगीता, आता दिवस राहिले तर पिशवी फाटेल. बाळ जाईल आणि तू पण जाशील. समजलं?"

"समजलं," ती म्हणाली. "पर मला समजून काय व्हतंय?"

खरं तर दुसऱ्या सिझरच्या वेळीच तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून टाकायला हवं होतं. नवरा नको म्हणाला, त्याला मुलगा पाहिजे होता, आणि आम्ही त्याचं ऐकलं. आता मी म्हटलं, "अगं, तुझी एकटीची सही चालते." तर म्हणाली, "सही लपती सिस्टर, टाका लपत नाय."

मग तांबी बसवली. तिला गर्भाशयाच्या तोंडाशी बारीक दोरा असतो. तीन आठवडे बरे गेले.

एके दिवशी ऐन ओपीडीत एक माणूस आत आला. अंगानं किरकोळ, कपाळाला बुक्का. टेबलावर रुमाल ठेवला आणि उलगडला. आत तांबी होती. दोऱ्यासकट. रुमालाला लागलेलं रक्त वाळून गेलं होतं.

"हे तुमचं सामान," तो म्हणाला. "सरकारी माल हाय, आपल्याला नको. जमा करून घ्या."

ओपीडीत पंचवीस बायका होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला. तो माणूस रुमाल झटकून, घडी घालून, परत खिशात ठेवून निघून गेला. रुमाल त्याचा होता ना!

संगीता दोन दिवसांनी आली. चालताना पाय फाकवून टाकत होती. मॅडमनी तपासलं, हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, हिला आता दोरा नसलेलं काहीतरी द्या."

* * *

दोरा नसलेलं म्हणजे तीन महिन्यांचं इंजेक्शन. ना टाका, ना तार, ना घरी लपवायला गोळीचं पाकीट. फक्त पुढची तारीख लिहिलेलं एक कार्ड मिळतं. तेच कार्ड घरात सापडलं की मेली बाई!

त्यावर आम्ही तोड काढली होती. अशा बायकांची कार्डं घरी द्यायचीच नाहीत. माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची. तारीख बाईनं मनात ठेवायची, कुणी सणावर, कुणी पोरीच्या वाढदिवसावर. संगीता म्हणायची, "माझी तारीख बसच्या महिन्याच्या पासवर हाय. चौथा पास काढला की यायचं." घरी विचारलं तर 'ताकदीचं इंजेक्शन' म्हणायचं, असं आम्हीच पढवलेलं.

ते इतकं पढवलं की एकीची सासूच येऊन बसली! "सुनंला ताकदीचं देता, मला बी द्या. माझं गुडघं लई धरत्यात." वय पासष्ट. मॅडमनी हसू दाबत तिला खरोखरीचं ताकदीचं दिलं. म्हातारी दंड चोळत उठली, दारापाशी थांबली आणि मला एकटीला म्हणाली, "तिचं थांबवू नगा बरं. मला नऊ झाली. आमच्या टायमाला ही ताकद नव्हती."

त्या दिवशी चहाला अन्वरी मावशी पण खुशीत आली होती. मी विचारलं, "मावशी, तुमचे मियाँ कसे होते हो?"

"लई अच्छे थे!" मावशी बशी तोंडाला लावत म्हणाली. "मरे बाद एक दिन भी हात नै उठाया."

संगीताचे चार डोस झाले. वर्षभर दिवस राहिले नाहीत. नवऱ्यानं तिला देवऋषीकडं नेलं, उपास करायला लावले, मारलं तर होतंच. पण ती जिवंत होती. चौथ्या डोसाला ती मला म्हणाली, "सिस्टर, मी तीन किलोनं वाढले!" आनंदानं सांगत होती.

* * *

मग वैष्णवी आली. बावीस वर्षांची, कामाला वाघीण. रजिस्टरं आखून घेतली, पडदा धुतला, भिंतीवरचं पोस्टर सरळ केलं. मला वाटलं, आता मी निवृत्त व्हायला हरकत नाही.

भाचीच्या लग्नाला मी चार दिवस रजेवर गेले. किल्ली वैष्णवीच्या हातात दिली आणि म्हटलं, "ड्रॉवर सांभाळ गं." एवढंच म्हटलं. त्यात काय आहे, ती कार्डं तिथं का आहेत, हे सांगायचं माझ्या लक्षातच आलं नाही. आमच्या तिघींच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की हे कुणाला सांगावं लागतं, असंच वाटलं नाही.

परत आले तर वैष्णवी दारातच. चेहरा फुललेला. "सिस्टर, खालच्या ड्रॉवरमध्ये अकरा जणींची कार्डं तशीच पडली होती! बायका न्यायला विसरल्या. काहींच्या तारखा जवळ आल्या होत्या. मी सगळ्यांना फोन करून कळवलं!"

कार्डावर मोबाईल नंबरचा रकाना रिकामा सोडता येत नाही. बायकांकडं स्वतःचा फोन कुठला? नंबर सगळे नवऱ्यांचे.

"कुणी उचलले फोन?" मी विचारलं.

"बहुतेक घरी मिस्टरच होते. मी नीट समजावून सांगितलं त्यांना. इंजेक्शन कशाचं, चुकवलं तर दिवस राहू शकतात, सगळं!" मग माझं तोंड बघून तिचा आवाज खाली आला. "सिस्टर... काही चुकलं का?"

मी तिच्यावर इतकी ओरडले की बाहेरची रांग गप्प झाली. ती भिंतीला टेकून रडायला लागली. अन्वरी मावशीनं तिला जवळ घेतलं आणि मला म्हणाली, "इस पे कायकू चिल्लाते? बच्ची को बताया कौन? तुम नै बताए, मैं नै बताई." बरोबरच होतं. मी लग्नात पंगती वाढत होते, तेव्हा अकरा घरांत काय चाललं होतं?

पुढच्या महिनाभरात अकरापैकी चौघी आल्या. एकीचा नवरा म्हणे फोनवर काही समजलाच नव्हता, देव त्याचं भलं करो! दुसरीचं मनगट प्लास्टरमध्ये होतं. वैष्णवीनं तिला विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "मोरीत पडले." वैष्णवीनं ते लिहिलं नाही. पेन धरून तशीच बसून राहिली.

संगीता आली नाही. तिच्या गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तिचं कामाला जाणं बंद केलंय. बसचा पास त्यानं फाडून टाकला." दोन महिन्यांनी पुन्हा विचारलं. आशाताई म्हणाल्या, "सिस्टर, दिवस गेलेत तिला."

मॅडमनी निरोपावर निरोप धाडले. आशाताई दोनदा दारातून परत आल्या. तिसऱ्यांदा त्यांच्यावर कुत्रं सोडलं.

* * *

सातव्या महिन्यात संगीताला आणलं, भर दुपारी, भावकीतल्या कुणाच्या तरी जीपमध्ये घालून. पिशवी फाटली होती. मॅडमनी त्या कळांतच तिच्याकडून कागदावर सही घेतली. नवरा "मला इचारल्याबिगर काय करायचं नाय" म्हणत दाराला आडवा झाला, त्याला अन्वरी मावशीनं फिनेलच्या बादलीसकट बाजूला केलं.

बाळ गेलेलं होतं. मुलगा होता. पिशवी शिवण्यासारखी राहिली नव्हती, काढावी लागली. मॅडम तीन तासांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वाचली." मग तिथंच बाकावर बसल्या.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी आता ही बिनकामाची झाली." फोन लावत लावत फाटकाबाहेर गेला, तो दोन दिवस दिसला नाही.

प्रश्न होता संगीताला सांगायचा. बाळाचं तिला कळलं होतं, पिशवीचं नव्हतं. पंचवीस-सव्वीस वर्षांची पोर! मॅडम म्हणाल्या, "उद्या बघू." वैष्णवी म्हणाली, "मी सांगते, माझ्यामुळं झालंय," आणि पुन्हा रडायला लागली. शेवटी मीच गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते. एक पण धड जुळेना.

खिडकीतून ऊन आत आलं होतं. संगीता जागी होती. ओठ पांढरे, हाताला सलाईन. मी स्टूल ओढलं आणि तिचा हात धरला. वैष्णवी दारात उभी.

"संगीता, बाई, मन घट्ट कर. तुझा जीव वाचवायचा तर दुसरा इलाज नव्हता. तुझी पिशवी काढावी लागली. आता तुला... पुन्हा कधीच दिवस राहणार नाहीत."

ती छताकडं बघत राहिली. मला वाटलं, तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगणार, तेवढ्यात तिनं मान वळवली.

"पार काढली?"

"हो गं."

"परत बसवता येत नाय ना कुणाला? ह्यानं कुठं दुसऱ्या दवाखान्यात नेलं तर?"

"नाही. कुणालाच नाही."

"मोठ्या डॉक्टरला बी नाय?"

"नाही गं, संगीता."

तिनं डोळे मिटले. एक मोठा श्वास सोडला. मग एकदम उघडून दाराकडं बघितलं.

"वैष्णवीताई," ती म्हणाली, "रडता काय! चहा आना की. साखर जास्ती घाला."